कस्टर काउंटीतली पत्री

आमच्या कामात सोनं सापडत नाही, खिळे सापडतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पुरातत्त्व सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला आहे. रस्ता रुंद करायचा असो की विजेची लाइन टाकायची असो, त्यात केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी असली की 1966 च्या वारसा जतन कायद्याप्रमाणे आधी जमीन तपासावी लागते. ती तपासणारी माणसं आम्ही.

त्या ऑक्टोबरात कस्टर काउंटीत मक्याच्या रानाला लागून एक जुनं घरठाण तपासायचं होतं. वर काहीच उरलं नव्हतं, फक्त लायलॅकची झुडपं. ती अशी सरळ रांगेत आपोआप उगवत नाहीत, कुणीतरी दाराशी लावलेली असतात. माळावर लायलॅक दिसला की आम्ही गाडी थांबवतो.

जागा होमस्टेडची, म्हणजे सरकारनं वस्ती करायला दिलेल्या जमिनीची. 1862 च्या कायद्यानं 160 एकर मिळायचे. त्यासाठी तिथं पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. या भागात लाकडाची वानवा, म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापले आणि त्यांच्या भिंती रचल्या. असं घर पडलं की त्याची परत मातीच होते. ओळखू येण्यासारखं उरतं ते लोखंड.

हौशी मंडळी मेटल डिटेक्टरवर लोखंडाचा आवाज बंद करून टाकतात, त्यांना चांदीची नाणी हवी असतात. आमचं उलटं. लोखंडाची ती घोगरी घुरघुर ऐकत दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांनी चालायचं आणि आवाज आला की झेंडी रोवायची. मग उकरायचं, जीपीएसवर जागा घ्यायची, पिशवीत घालायचं. खिळे सुद्धा दोन ढिगांत मोजायचे: चौकोनी कापीव आणि गोल तारेचे. 1890 च्या दशकात तारेच्या खिळ्यांनी बाजार काबीज केला, त्यामुळे कापीव जास्त निघाले तर वस्ती बहुतेक त्याआधीची. वारा असा सुटला होता की झेंड्या आडव्या होत होत्या. दुपारपर्यंत कापीव खिळ्यांची रास, बरणीचं जस्ती झाकण आणि माउथ ऑर्गनची पितळी पट्टी निघाली होती. त्या पट्टीकडं मी जरा वेळ बघत बसलो. मग एक वाकडा, गंजलेला तुकडा हाताला आला. कंटाळलो होतो. नोंदवहीत लिहिलं, ‘घोड्याचा नाल, तुटका’, आणि पिशवी बंद केली.

जेवायच्या सुट्टीत जमीनमालक पिकअप घेऊन आले. वय ऐंशीच्या पुढचं. खाजगी रानात सापडलेली वस्तू इथं मालकाची असते, म्हणून त्यांना सगळं दाखवावं लागतं. (आपल्याकडं 1878 चा कायदा: दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवा.) तो तुकडा त्यांच्या हातात द्यायच्या आधी मी बोटानं माती पुसली. स्वल्पविरामासारखा आकार. बाहेरच्या कडेला ओळीनं भोकं. टोकं गोलसर, कुठंच मोडलेलं नाही.

आणि मला एकदम आमच्या गावचा आठवडी बाजार दिसला. दोर लावून आडवा पाडलेला बैल, चारी पाय एकत्र बांधलेले, बैलाचं डोकं दाबून धरलेले आजोबा, आणि तोंडात खिळे धरून बसलेला, पत्र्या म्हणजे बैलाचे नाल मारणारा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. लहानपणी त्या वेचून आम्ही खेळलोय. आणि मी लिहिलं होतं, घोड्याचा नाल!

‘हा बैलाचा आहे,’ मी म्हणालो.

‘आमच्याकडं बैल कधीच नव्हते,’ म्हातारबाबा म्हणाले. ‘आम्ही घोडेवाले. पणजोबांचा फोटो आहे भिंतीवर, सहा घोड्यांसकट.’

मी वाद घातला नाही. नवीन आलेल्या माणसाला बैलजोडी घोड्यांपेक्षा स्वस्त पडायची, शिवाय तिचं नुसत्या गवतावर भागायचं, एवढं मात्र सांगितलं. ते पत्री उलटसुलट करत बराच वेळ उभे राहिले.

रात्री मोटेलवरून वडिलांना व्हॉट्सॲपवर पत्रीचा आणि रानाचा फोटो पाठवला. आमच्याकडं कराडला सकाळ झाली होती. कारखान्याला बैलगाडीनं ऊस घालण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. लगेच फोन आला.

‘पत्रीच हाय की! पर रान तर मऊ दिसतंय.’

‘मऊच आहे. दगड नाही एक.’

‘मग? नांगराच्या बैलाला कोण पत्र्या मारतंय मऊ रानात? गाडीचा बैल हाय ह्यो. टाच बघ किती झिजलीया. लांबनं चालत आलाय.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘जोडीची दुसरी कुठंय?’

दुसऱ्या दिवशी त्या झेंडीभोवती पुन्हा बारकाईनं फिरलो. दोन कापीव खिळे निघाले, दुसरी पत्री नाही. म्हातारबाबा तोवर परत आले होते. मी त्यांना वडिलांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, ‘घोडे नंतर घेतले असतील मग,’ आणि विचारलं की आडव्या पडलेल्या बैलाला पुन्हा उठवतात कसं. ते मी हातवारे करून दाखवलं.

निघायच्या आधी नोंदवही काढून ‘घोड्याचा नाल’ खोडलं, ‘बैलाची पत्री’ लिहिलं. पुढं ‘तुटका’ होतं, तेही खोडलं आणि ‘पूर्ण’ लिहिलं.