वस्तऱ्याची मूठ: शिंग, हाड की सेल्युलॉइड, पोळ्यापर्यंतचा हिशोब

मे महिन्यात भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून तीन जुने वस्तरे उचलले होते, दोन काळ्या मुठीचे आणि एक पांढरा. आता तिघांचा छडा लागलाय, मधे एक माझ्याच हातून वाकला, तेही सांगतो.

पांढऱ्यापासून सुरू करतो. विकणारा म्हणे हत्तीदात आहे साहेब, रेल्वेच्या कोण्या गोऱ्या साहेबाचा असेल. ऐकूनच मला घाम फुटला, कारण खरंच हस्तिदंत निघाला तर वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे, हौस गेली खड्ड्यात. म्हणून पैसे द्यायच्या आधी तिथेच उन्हात उभं राहून दहापट भिंग लावलं. हाड असतं तर बारीक काळपट टिंबं आणि तुटक रेघोट्या दिसल्या असत्या, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात आणि वर्षानुवर्षांचा मळ त्यात जाऊन बसतो. तसं काही नव्हतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना कापणाऱ्या रेघांची जाळी असते, श्रेगर लाइन्स म्हणतात, पण वस्तऱ्याच्या मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दाताच्या लांबीत कापलेल्या असतात, त्यामुळे ती जाळी शोधायची तर मुठीच्या टोकाला, तीही दोन-तीन मिलिमीटर जाडीत. मी पहिली दोन वर्षं सपाट बाजूवर शोधत बसायचो आणि काही दिसलं नाही की हाड ठरवून मोकळा. या मुठीवर सपाट बाजूलाच रेघा होत्या, सरळ, समांतर, फूटपट्टी ठेवून मारल्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं शिस्तीत कुठल्याच जनावराच्या अंगात काही वाढत नाही. मग अंगठ्याने खसाखसा घासलं, मूठ गरम झाली आणि नाकाजवळ नेली तर कापूर, अगदी आरतीच्या ताटातला. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळातलं प्लास्टिक. लोक याला फ्रेंच आयव्हरी म्हणतात, त्यात आयव्हरीचा कणही नसतो.

घरी आल्यावर पातं उघडलं तर गंज फक्त तेवढ्याच भागावर जेवढा मिटल्यावर मुठीत जातो, शेपटी आणि शँक, म्हणजे पातं आणि शेपटीमधला जाड भाग, चकचकीत. म्हणजे मूठच पातं खातेय. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, म्हातारं झालं की ते सडतं आणि आम्लाची वाफ सोडतं, आणि बंद डब्यात ती वाफ शेजारच्या वस्तऱ्यांनाही सोडत नाही. शँकवर ‘जर्मनी’ कोरलंय ते आधी बघितलं असतं तरी शंका आली असती. ब्रिटनचा मर्चंडाइज मार्क्स कायदा १८८७ चा, मालावर देशाचं नाव टाकायची पद्धत तिथून वाढली, आणि तोवर सेल्युलॉइड बाजारात चांगलं रुळलेलं होतं. आणि हो, गरम सुई टोचून बघा असा सल्ला कोणी दिला तर सेल्युलॉइडच्या बाबतीत अजिबात ऐकू नका, भसकन पेटतं ते.

पहिला काळा सोपा होता. उजेडाकडची बाजू तपकिरी पडलेली, आतली काळीच, आणि घासल्यावर गंधकाचा वास. गंधक घालून कडक केलेलं रबर, व्हल्कनाइट. विषय संपला.

दुसऱ्या काळ्याने मात्र घोळ घातला. खऱ्या शिंगाच्या पातळ कडेला मागून टॉर्च लावला की मधासारखा उजेड झिरपतो आणि आतले धागे दिसतात, इथे ठार अंधार. घासून वास नाही, काही नाही. म्हटलं प्लास्टिकच असणार, गरम पाण्यात बुडवून वास घेऊ. बुडवला आणि तेवढ्यात फोन आला, मग पाहुणे आले, दोन तास तो पातेल्यातच. आठवण झाल्यावर काढून खिडकीत ठेवला आणि आपल्याकडचा मे तर माहितीच आहे, संध्याकाळपर्यंत दोन्ही पट्ट्या बाहेरच्या बाजूला फाकल्या, पातं मिटताना एका बाजूला घासायला लागलं. प्लास्टिक पाणी पिऊन असं फाकत नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी वैतागून कपाटात टाकून दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पारोळ्याकडून मामा आले होते. सहज दाखवला. त्यांनी भिंग नाही, टॉर्च नाही, पट्टीच्या आतल्या बाजूला माझीच बारीक कानस चार वेळा फिरवली, भुकटी चिमटीत चोळून हुंगली आणि म्हणाले, “हाई शिंग शे भो, म्हशीनं.” मी पण हुंगली. सकाळीच बैलाची शिंगं साळताना जो वास येतो, जळक्या केसांच्या जवळ जाणारा, तोच. केस, नख, शिंग सगळं केराटिनच. वरून काळा रंग चढवलेला होता म्हणून टॉर्च फसला, कानशीने रंग गेला तिथे आत राखाडी पट्टे दिसले. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकू-वस्तऱ्यांच्या कारखान्यांत आपल्याकडून म्हशीची शिंगं जायची, म्हणजे ही पट्टी बहुतेक जाऊन परत आलेली. मामांना हे सांगितलं तर ते खूप हसले.

दुरुस्ती अशी केली: पिनांची डोकी घासून त्या हळूच ठोकून काढल्या, टोकाशी दोन पट्ट्यांच्या मधे असते ती शिशाची पाचर जपून बाजूला ठेवली, पट्ट्या परत गरम पाण्यात, पण यावेळी घड्याळ लावून फक्त मऊ पडेपर्यंत, आणि लगेच दोन सागवानी फळ्यांमधे शिकंजात. चार दिवस हात लावला नाही. सरळ झाल्या, एकीला टोकाशी केसाएवढा बाक राहिलाय तो राहू दे. मग नीट्सफूट तेलात, म्हणजे गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेल्या तेलात, बुडवून ठेवल्या, कोरड्या हवेत शिंग तडकतं आणि तेल नसलं की कीड पण धरते, एका कडेला तिने आधीच दोन खड्डे पाडलेत. नवीन पितळी पिना आल्या की जोडेन.

पांढरा वस्तरा आता बाकीच्यांपासून लांब, गॅलरीतल्या फळीवर उघड्या डब्यात एकटा असतो, बायकोने त्याचं नाव हत्ती ठेवलंय.