एका ‘यू’पायी अडीच महिने

‘बहुउद्देशीय’ हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा, या प्रश्नात माझे अडीच महिने गेलेत. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमची छोटी संस्था, ठाण्यात वागळे इस्टेटजवळ. नावात ‘बहुउद्देशीय’ आहे. दोन बालवाड्या आणि बचत गटांचं काम. आम्ही सातजण, कॉम्प्युटर एक, आणि तोही हिशेब बघणाऱ्या काकांच्या टेबलावर. दोघींनी एमएस-सीआयटी केलेलं, पण हाताला सरावच नव्हता. गेल्या वर्षी मेमध्ये काकांना कावीळ झाली आणि देणगीदारांची यादी अडली. ८०जीवाल्या, म्हणजे देणगीवर करसवलत मिळते अशा संस्थांना फॉर्म १०बीडी (देणगीदारांची हीच यादी, आयकर खात्यासाठी) ३१ मेपर्यंत भरावाच लागतो, उशिराला दिवसाला २०० रुपये. आम्ही ते भरले. त्या दिवशी ठरवलं, सगळ्यांनी शिकायचं.

सातजणांची क्लासची फी झेपणारी नव्हती. घणसोलीला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, संस्थांच्या कार्यकर्त्यांना मोफत शिकवतात असं कळलं. फॉर्म भरला, कागद जोडले. आठ दिवसांनी उत्तर आलं, ‘डॉक्युमेंट मिसमॅच’. नक्की कुठे, ते नाही सांगितलं. फोन केला तर, “मॅडम, सिस्टिम घेत नाहीये.”

मग मीच सगळे कागद जमिनीवर पसरले. धर्मादाय आयुक्तांकडचं प्रमाणपत्र मराठीत, तिथे प्रश्न नाही. पॅनवर ‘एच’नंतर दोन ‘यू’ (Bahuuddeshiya). एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवर एकच. बँकेच्या पासबुकात मधे हायफन. चूक आमचीच, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी भरलेली. पण एवढं त्या माणसाने पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर? वर सीएसआर-१ चा, म्हणजे कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा, नोंदणी क्रमांकही मागितला. अहो, आम्ही पैसे नाही, एक्सेल मागतोय! तरी तोही दिला.

दर्पणवर दुरुस्ती करायची तर ओटीपी जाणार आमच्या जुन्या सचिवांच्या मोबाइलवर. ते आता चिपळूणजवळच्या गावी, आणि त्यांच्या वाडीत रेंज नाही. ओटीपी पोचायचा तो मुदत संपल्यावर. चारदा हा खेळ झाला. शेवटी नातीच्या बारशाला ते ठाण्यात आले, तेव्हा मी पेढ्याआधी ओटीपी मागितला. (नोंदणीकृत मोबाइल नंबर बदलायचं कामही त्याच बैठकीत उरका. कुणी संस्था सोडली की पहिलं हेच करायचं असतं.) पॅनवर आहे तेच नाव सगळीकडे केलं आणि पुढच्या आठवड्यात होकार आला.

क्लास सहा शनिवार. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली, सोपं पडतं. शिकवणारा दादा खरंच चांगला होता.

एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी होती, आपल्याच फाइली घेऊन जा. सरावाच्या तयार यादीत जीव रमत नाही. आम्ही बचत गटांची जुनी यादी नेली, ती गूगल शीटमध्ये उघडली तर ‘सौ.’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावं लागतं, आणि मग रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. आमच्या एका ताईंनी ‘वर्षा’ची ‘वषा’ झालेली लगेच पकडली. वस्तीच्या नावासाठी ड्रॉपडाउन (ठरलेल्या नावांतून निवडायची यादी) करायला त्याच शिकल्या. नाहीतर ‘किसननगर’ आमच्याकडे पाच तऱ्हेने लिहिलं जायचं, म्हणजे फिल्टर लावून काही उपयोग नाही.

आणि हो, देणगीदारांचे पॅन असलेली फाइल सरावाला नेऊ नका. आम्ही नेली होती, दादानेच ती बंद करायला लावली.

यंदाची १०बीडीची फाइल बालवाडीच्या ताईंनी तयार केली, २४ मेला. काका शेजारी चहा घेऊन बसले होते. दर दोन मिनिटांनी विचारायचे, “सेव्ह केलंस ना गं?”