पु.लं.ची कॅसेट : वेग सापडला!

मंडळी, सोलापूरच्या साखर पेठेतल्या काकांच्या सी-60 चा (तासाभराच्या कॅसेटचा) खरा वेग अखेर सापडला. काकांनी रेडिओवरून उतरवलेली पु.लं.ची ही कॅसेट मी दुरुस्त करतोय.

प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी गादी) बदलला, ॲझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) जुळवला, आवाज खुलला. तरी भाई घाईत बोलतायत असं वाटे, सूरही चढा. 1955 पासून आकाशवाणीत मुरलेला, 1959 मध्ये दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा तिथे काम केलेला माणूस. माइकसमोर किती थांबायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तो थांबा आखडला की शब्द तेच राहतात, पु.लं. राहत नाहीत.

माझा डेक टेस्ट टेपवर (वेग तपासायच्या ठरावीक सुराच्या टेपवर) चोख 3150 हर्ट्झ दाखवतो, म्हणजे त्याचा वेग बरोबर आहे. तेव्हा काकांच्या मूळ टेपरेकॉर्डरचाच पट्टा सैल होता, रेकॉर्ड होताना टेप हळू सरकली आणि आता योग्य वेगाला पळते. रेकॉर्डिंगमध्ये उतरलेल्या विजेच्या गुणगुणीवरून हिशोब करावा, तर त्या काळी वीज 50 हर्ट्झवर टिकायची कुठे? इथेच घोडं अडलं होतं.

परवा रात्री बी बाजू शेवटपर्यंत वाजू दिली. कार्यक्रम संपल्यावर बातम्यांआधीच्या सहा टिकटिका! एकेका सेकंदाच्या अंतराच्या. पहिलीपासून सहावीपर्यंत 5 सेकंद हवेत, भरले 4.78. म्हणजे टेप 4.6 टक्के जलद, अर्ध्या सुराला थोडी कमी. तिथेच गुणगुण 51.6 हर्ट्झ दिसते, म्हणजे त्या संध्याकाळी वीज 49.3 ला होती. एवढा आकडा हाती आल्यावर गुणगुणीची रेघ धरून मागे जाता येतं. बाजूच्या सुरुवातीला ती 50.4 आहे. तेवढ्या वेळात वीज फारशी हलली नाही असं धरलं, तर तिथे वेग फक्त 2.2 टक्के जास्त. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरता वेग लावला आणि भाई निवांत बोलायला लागले. मी ते तीनदा ऐकलं.

खरखर काढायचा बेत मात्र रद्द. नॉइज रिडक्शनला (खरखर काढायच्या सोयीला) हशा आणि खरखर यांतला फरक कळत नाही. ओसरत्या हशाचं शेपूट ते खाऊन टाकतं. भाई पुढचं वाक्य त्याच शेपटावर टाकतात. खरखर राहू दे. आणि सी-90 कुणी घेऊ नका, सोलापूरच्या उन्हाळ्यात ती पातळ टेप ताणते.

ए बाजूला टिकटिका नाहीत, म्हणून ती अंदाजाने लावणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं: काकांनी कॅसेट उलटली तेव्हा मध्ये जेमतेम काही सेकंद गेले असणार. तेवढ्यात वीज कितीशी बदलणार? मग ए चा शेवट बी च्या सुरुवातीशी जुळवून तिथून उलटं मोजत जातो. आज रात्रीच बसतो.