कमोडखालचा फ्लँज

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बारा दिवस उरले असताना आई पुन्हा म्हणाली, "तुझा तो कमोड डुलतो रे." पावसाळा लागल्यापासून ती हे सांगत होती, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला बसता-उठताना तोल सांभाळावा लागतो म्हणून तिला तसे वाटत असावे, असे मी मनाशी ठरवून मोकळा झालो होतो. त्या दिवशी मात्र फरशी पुसताना कमोडच्या पायथ्याशी हाताला ओल लागली, आणि कोरडी केलेली ती जागा पुढच्या फ्लशनंतर पुन्हा ओली झाली.

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घराला चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आहेत. चिरा पाणी पितो, श्रावणात हवाही ओलीच असते आणि गार पाण्याने भरलेल्या फ्लशच्या टाकीला बाहेरून घाम फुटतो. तेव्हा नुसत्या ओलीवरून गळतीचा निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. म्हणून आधी अँगल कॉक (टाकीचे पाणी बंद करायचा भिंतीवरचा नळ), टाकीकडे जाणारी नळी आणि हेल्थ फॉसेट (धुण्याचा हाती फवारा) हे तिन्ही कोरड्या कागदाने पुसून पाहिले. कागद कोरडाच राहिला. मग कमोडमधल्या पाण्यात आणि टाकीत खाण्याचा लाल रंग घातला, पायथ्याच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या सरकवल्या आणि फ्लश केला. मागच्या बाजूची घडी दोन मिनिटांत गुलाबी झाली. पाणी स्वच्छ नळाचे नव्हते, खालचे होते.

आपल्याकडे बहुतेक कमोडांना फ्लँज नसतोच. कमोडचे तोंड रबरी कनेक्टर लावून पाइपात बसवतात, पाया स्क्रूने जमिनीला धरतात आणि कडेने पांढरे सिमेंट भरतात. आमचा कमोड मात्र खाली जमिनीत तोंड असलेला, एकसंध प्रकारचा आहे. जमिनीतून वर आलेल्या मैलापाइपाच्या तोंडावर एक रुंद चकती बसवलेली असते, तिच्या खाचांत दोन बोल्ट डोके खाली करून उभे राहतात आणि ते कमोडच्या पायातील भोकांतून वर येतात. ही चकती म्हणजे फ्लँज. कमोड आणि फ्लँज यांच्यामध्ये मेणाची जाड कडी दाबली जाते आणि तीच पाणी व वास अडवते. थोडक्यात, फ्लँज एकाच वेळी दोन कामे करतो: कमोडला जमिनीशी धरून ठेवतो आणि मेणाला दाबून घ्यायला जागा देतो. पहिले काम ढिले झाले की दुसरे आपोआप बिघडते, कारण मेण दाब सहन करते, हलणे सहन करत नाही.

बोलावलेल्या प्लंबरने गुडघे टेकून पाहिले, "पळोवया", म्हणजे "बघू या", म्हणाला आणि सभोवार पांढरे सिमेंट भरण्याचा सल्ला दिला. कामाला अर्धा तास लागला असता आणि चवथीचे पाहुणे येऊन जाईपर्यंत फरशी कोरडी दिसली असती. पण गळणारे पाणी त्यामुळे थांबत नाही. ते बाहेर दिसायचे तेवढे बंद होते आणि टाइलखाली मुरत राहते. शिवाय पुढे कधी कमोड उचलायचा झाला, तर सिमेंट फोडताना चिनी मातीचा पाया तडकण्याची शक्यता मोठी. मी त्याला चहा पाजून परत पाठवला, आणि आईची सोय मागच्या दारच्या जुन्या संडासात खुर्ची ठेवून केली. तिचे त्याबद्दलचे मत येथे लिहिण्यासारखे नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने तिथल्या घरात हे काम स्वतः केलेले होते. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, टाइल्स कधी बदलल्या होत्या का?" चार वर्षांपूर्वी बदलल्या होत्या, आणि तोडफोड नको म्हणून जुन्या फरशीवरच नव्या घातल्या होत्या.

अँगल कॉक बंद करून, फ्लश करून, उरलेले पाणी स्पंजने टिपून आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि शेजारच्या मुलाने, कमोड सरळ वर उचलला आणि गोणपाटावर आडवा ठेवला. कमोड हलवला की त्याच्या वळणातले पाणी जाते, आणि सेप्टिक टाकीतील वायूला घरात यायला मोकळी वाट मिळते. म्हणून पाइपाच्या तोंडात ताबडतोब फडक्याचा बोळा कोंबला. बोळ्याला सुतळी बांधली आणि तिचे दुसरे टोक खिडकीच्या गजाला. चवथीच्या तोंडावर फडके पाइपात जाणे परवडणारे नव्हते.

कारण उघड्यावरच पडले होते. फ्लँजची वरची कड तयार फरशीच्या थोडी, म्हणजे साधारण 6 मिलिमीटर, वर असायला हवी. आमचा फ्लँज फरशीच्या 30 मिलिमीटर खाली, खड्ड्यात होता: 10 मिलिमीटरची टाइल आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा मसाला. तेवढ्या खोल मेण पोहोचेना म्हणून बसवणाऱ्याने दोन कड्या एकावर एक ठेवल्या होत्या आणि बोल्ट जिवाच्या आकांताने आवळले होते. त्या ताणाने प्लॅस्टिकच्या फ्लँजची एक खाच बाहेरच्या बाजूने तुटली होती. दुसऱ्या खाचेतला साधा लोखंडी बोल्ट गंजून बोटाने मोडण्याइतका झाला होता. चार वर्षे कमोड एका बोल्टावर आणि आईच्या सावधपणावर उभा होता.

नुसती खाच तुटलेली असती, तर वरून स्टीलची दुरुस्तीची कडी बसवून भागले असते; खोलीचा दोष मात्र कडीने जाणारा नव्हता. फ्लँज सोल्युशनने, म्हणजे पाइप जोडायच्या डिंकाने, चिकटवलेला असल्यामुळे ओढून निघत नाही. हॅक्सॉच्या पात्यावर चिकटपट्टी लावून खोलीची खूण केली, पाइपाला धक्का न लावता फ्लँजच्या गळ्यावर तीन उभे काप घेतले आणि छिन्नीने एकेक तुकडा उकलला. गळा जेमतेम 4 मिलिमीटर जाड होता. या एका कामात सकाळ गेली, आणि ती गेली याचे मला वाईट वाटत नाही, कारण पाइप चिरला असता तर सगळी फरशी उकरावी लागली असती.

फ्लँज आणताना मी स्वतः चूक केली. भाचा "चार इंची" म्हणाला आणि मी ऑनलाइन तोच मागवला. आपल्याकडे ज्याला दुकानात चार इंची म्हणतात, त्या मैलापाइपाचा बाहेरचा व्यास 110 मिलिमीटर असतो. अमेरिकन चार इंची पाइपाचा साडेचार इंच, म्हणजे 114.3 मिलिमीटर. त्यामुळे बाहेरून बसणारा तो फ्लँज आमच्या पाइपावर सैल डुगडुगत होता, आणि एवढी फट सोल्युशनने भरत नाही. शेवटी मडगावच्या एका दुकानात पाइपाच्या आत जाणाऱ्या लांब शेपटीचा आणि रबरी झालरीचा फ्लँज मिळाला. आत बसणाऱ्या फ्लँजमुळे पाइप थोडा अरुंद होतो हे खरे, पण शेपटीची कड वाहत्या पाण्याच्या दिशेने तोंड करून असते, त्यामुळे तिच्यावर काही अडकत नाही. बोल्ट या वेळी पितळेचे घेतले.

पाइपाच्या तोंडात तेल लावलेला प्लॅस्टिकचा डबा उभा ठेवून सभोवारचा खड्डा मसाल्याने टाइलच्या पातळीपर्यंत भरला आणि तीन दिवस ओला ठेवला. नंतर फ्लँज टेकवून, पाणसळ ठेवून, भोके पाडली आणि रॉल प्लगमध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आवळले. मेणाची कडी एकच, नवी. एकदा दाबलेली कडी पुन्हा वापरता येत नाही, म्हणून कमोड उतरवताना बोल्ट भोकांत नीट दिसावेत यासाठी मी जमिनीवर पालथा पडून टॉर्च धरला होता. कमोड बसल्यावर तो न हलवता वजनाने दाबला आणि दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले; चिनी मातीला जादा जोर सहन होत नाही. कडेला सिलिकॉन लावले, पण मागची चार बोटे जागा मुद्दाम उघडी ठेवली. पुन्हा कधी गळलेच, तर पाणी तिथून बाहेर यावे.

लाल रंगाची चाचणी तीन दिवस, रोज दोन वेळा केली. मागच्या फटीतला कागद कोरडा निघाला. आईने चवथीच्या आदल्या संध्याकाळी, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर, आत जाऊन दार लावले आणि बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "मी जूनमध्ये सांगितले होते."