अंगरख्याच्या बारा कळ्या आणि बगलेचा चौकोन

पेशवाईतला अंगरखा शिवायला घेतला की बरेच जण आजच्या कुर्त्याचा कागदी साचा काढतात आणि कमरेखाली घेर जोडून देतात. मग हात वर केला की सगळा अंगरखा वर चढतो आणि घेर पोत्यासारखा लोंबतो. गळा आणि छातीवरचा उघडा गोल सोडला, तर या कपड्याच्या बेतात गोलाई जवळजवळ नसतेच. सगळा कारभार सरळ पट्ट्या, तिरप्या कळ्या (वर अरुंद, खाली रुंद तुकडे) आणि चौकोनांचा. घेर कळ्यांतून येतो, हाताची मोकळीक बगलेच्या तुकड्यातून. या दोन जागांवर जीव ओतायचा, बाकीचं काम रोज संध्याकाळच्या तासाभरात होत राहतं.

38 इंच छातीसाठी, पोटरीपर्यंत पोचणाऱ्या अंगरख्याला 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) साधं सुती कापड साडेचार मीटर लागतं. आधी ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड साधारण 3 ते 5 टक्के आटतं, म्हणजे 30 इंचांची कळी इंच-दीड इंचाने आखडते. वरच्या अंगाला अस्तर लावणार असाल तर तेही भिजवा. एक आटलं आणि दुसरं नाही, की छातीवर कायमचा झोल पडतो. वरचं अंग आणि बगल आधी मांजरपाटात कच्च्या टाक्यांनी जोडून पाहावी. कापणी मात्र सुट्टीच्या दिवशी, उजेडात करा. दिव्याखाली कापडाचा उभा धागा नीट दिसत नाही.

आता कळ्या. छाती 38, सैलपणा 4 आणि पुढे एकावर एक येणाऱ्या भागाचे 6, असे वर 48 इंच हवेत. बारा कळ्या धरल्या तर प्रत्येक कळी शिवून झाल्यावर वर 4 इंच उरली पाहिजे. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मार्जिन ठेवून ती वर 5, खाली 12 आणि 31 इंच लांब कापायची. त्यासाठी 17 इंच रुंद, 31 इंच लांब आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून 5 इंचांवर खडूची खूण, खालच्या कडेवर डावीकडूनच 12 इंचांवर दुसरी. दोन खुणा जोडणाऱ्या रेघेवर कात्री चालवली की दोन कळ्या सुटतात, एक सुलटी आणि एक उलटी. असे सहा आयत. पन्ह्यात दोन आयत शेजारी बसतात आणि बाजूला उरलेल्या पट्टीतून बांधायचे बंद, बगल, कडेचा गोट सगळं निघतं. खाली 132 इंचांचा घेर मिळतो आणि कापड वाया जात नाही. एका कळीचं डोकं खाली येत असल्यामुळे वर-खाली दिशा असलेली नक्षी मात्र इथे चालत नाही.

प्रत्येक कळीला एक बाजू उभ्या धाग्याची आणि एक तिरपी असते. शिवताना एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरप्या बाजूला लावायची. दोन तिरप्या बाजू एकत्र आल्या की ती शिवण ताणली जाते आणि तिथेच घेर खाली लोंबतो. सहाही आयत एकाच दिशेने तिरपे कापले असतील तर हा क्रम आपोआप लागतो. एखादा जरी उलट तिरका कापला गेला, तर छापील कापडात त्या दोन कळ्या उलटवूनही बसवता येत नाहीत. तिरपी बाजू सरळ बाजूपेक्षा जवळजवळ पाऊण इंच लांब भरते. म्हणून टाचण्या नेहमी अरुंद टोकाकडून लावा आणि जास्तीचं कापड खाली सुटू द्या. ओढून दोन्ही टोकं जुळवलीत तर शिवणीवर चुण्या बसतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

पुढच्या उघड्या कडांपैकी एक तिरपीच येते. तिला आतून उभ्या धाग्याची इंचभर पट्टी लावून बांधून टाका.

बगल म्हणजे 5 इंचांचा चौकोन, शिवल्यावर 4 इंचांचा. चारही कोपऱ्यांत कडेपासून अर्ध्या इंचावर ठिपके द्या. तसेच ठिपके बाही आणि अंग जिथे मिळतात तिथेही हवेत. चौकोनाच्या दोन बाजू बाहीला आणि दोन अंगाला जातात. प्रत्येक शिवण ठिपक्यावर सुरू करून ठिपक्यावरच थांबवायची, पुढे एक टाकाही नाही. शिवण कडेपर्यंत गेली की कोपरा वळत नाही आणि काखेत बोचणारी गाठ होते. हात उचलला की ताण चौकोनाच्या कर्णावर येतो, आणि कर्ण म्हणजे उरेब (धाग्यांना तिरपी दिशा), त्यामुळे कापड तिथे लवतं. म्हणूनच हा तुकडा तिरपा कापायचा नाही. बाजू उभ्या-आडव्या धाग्यावरच हव्यात. मी तर म्हणेन, बगल मशीनवर शिवूच नका. बारीक उलट टीप घातली की दोन्ही काखांना दोन संध्याकाळी पुरतात.

इलियास हॉवेचं शिलाई मशीनचं पेटंट 1846 चं आहे, त्यामुळे पेशवाईतला प्रत्येक टाका हाताचाच. तरी कळ्यांच्या अकरा लांब शिवणी मशीनवर मारायला हरकत नाही, त्या कोणाला दिसत नाहीत. गळा, पडद्याची (छातीवरच्या उघड्या गोलामागे येणाऱ्या आतल्या तुकड्याची) कड आणि बंद हाताने करावेत. दोरा 18 इंचांपेक्षा लांब घेऊ नका आणि त्याला मेण लावा, नाहीतर तो पिळून गाठी पडतात. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा. काम थांबवताना सुया-टाचण्या कापडात ठेवू नका. दमट हवेत गंजाचे डाग पडतात.

कोणता पुढा वर यायचा हे संदर्भाच्या चित्रात गाठ कोणत्या बाजूला आहे त्यावरून आधीच ठरवा, कारण पडदा दुसऱ्या बाजूच्या आत शिवला जातो. खालची कड सगळ्यात शेवटी. अंगरखा दोन रात्री टांगून ठेवा, तिरपं कापड लोंबायचं तेवढं लोंबू दे. मग बंद बांधून अंगावर चढवा आणि दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून पट्टीने सारखं अंतर मोजत खुणा करायला सांगा. बंद सोडून मोजलं तर वर येणारा पुढा आखूड पडतो. खुणांच्या खाली अर्धा इंच ठेवून कापा आणि पाव-पाव इंचाच्या दोन दुमडी घालून हाताने तुरपून घ्या.