पेव फुटत न्हाई, बाई

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सातवीला वाक्प्रचार घेतले. फळ्यावर 'पेव फुटणे' लिहिलं, शेजारी अर्थ लिहिला: एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट होणे. वाक्यात उपयोगही मीच सांगून टाकला, 'शहरात मोबाइलच्या दुकानांचे पेव फुटले आहे.' मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. मागच्या बाकावरून सांगलीजवळच्या हरिपूरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, पेव फुटत न्हाई. पेव उघडत्यात."

सगळा वर्ग मागे वळला. मी त्याला गप्प बसवलं नाही याचं आत्ता रात्री फार बरं वाटतंय. खडू ठेवला आणि त्याला पुढे बोलावलं.

त्याच्या आज्जाचं निम्मं आयुष्य हळदीच्या पेवांवर गेलंय. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र ऐसपैस. आतून पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष लोटलं तरी हळदीला कीड लागत नाही. "का रे?" मी विचारलं. "आत हवाच नसती की बाई." म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, ते तसंच उघडं ठेवायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. "कंदील इझला की माणूस उतरवायचा न्हाई. आज्जा वर बसून नुसता बघत ऱ्हातोय."

वर्गात चिडीचूप. एका मुलीनं हळूच विचारलं, "आन् न्हाई इझला तर?"

कथेतली उत्कंठा म्हणजे काय हे मी आजवर किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! आज ती वर्गात येऊन बसली होती. २००५च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली, आता माल गोदामात नाहीतर कोल्ड स्टोअरेजला जातो, हेही त्यानंच सांगितलं. हरिपूर आमच्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर आहे. मी वीस वर्षं हा वाक्प्रचार शिकवतेय आणि एकाही वर्गाला विचारलं नव्हतं की पेव कुणी पाहिलंय का.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निबंधाच्या वह्या तपासल्या. विषय 'माझा आवडता ऋतू'. पस्तीसपैकी बावीस वह्यांत वसंत 'ऋतूंचा राजा' आहे, कोकिळा 'मंजुळ स्वरात' गाते आणि सृष्टी 'नवा शालू' नेसते. पोरांचा दोष नाही. गाईडमध्ये तेच आहे आणि त्यालाच मार्क पडतात, हे त्यांना पाचवीपासून कळलंय. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा 'स्वमत' या प्रश्नावर माझा फार जीव जडला होता. मुलाला स्वतःचं काय वाटतं ते लिहायचं. आता मुलं स्वमतसुद्धा पाठ करून येतात.

या फेब्रुवारीत सांगलीत खरं काय चाललंय? मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे सुरू आहेत, त्या बाजूनं नुसतं गेलं तरी ओढणीला वास चिकटतो. उसाच्या ट्रॉल्यांमागे पोरं धावतायत. हे एकाही वहीत नाही.

आणि असं एखाद्या वहीत आलं तेव्हा मी काय केलं, ते आज लिहूनच टाकते. ऑगस्ट २०१९चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीसची. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी निबंध दिला, 'महापूर'. सगळ्यांनी 'निसर्गाचे रौद्र रूप' लिहिलं. निवारा केंद्रातल्या सतरंजीवर आठवडा काढून आलेल्या पोरांनीसुद्धा. एका मुलीनं मात्र जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या. घरी परत गेल्यावर आईनं आधी फ्रीज उघडला. अंड्यांच्या कप्प्यात गाळ भरला होता, प्रत्येक खळग्यात गोल गोल, अंड्याएवढा. आईनं तो चमच्यानं काढला आणि मग ती रडली.

मी दहापैकी चार दिले. शेरा लिहिला: 'प्रस्तावना व शेवट नाही. विषयाचा विस्तार करावा.'

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तो गाळाचा कप्पा मला अजून दिसतो. माझ्या त्या वेळच्या वर्गातलं दुसरं एकही वाक्य मला आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन गृहपाठ दिला. घरातला असा एक शब्द आणायचा जो पुस्तकात नाही. तो कोण बोलतं, कधी बोलतं, हे लिहायचं. विचारावं लागलं तर घरच्यांना विचारायचं. अर्थ एका ओळीत नको, प्रसंगातून कळला पाहिजे.

लेखक पुण्या-मुंबईतच राहतात असं मुलांना वाटतं, हे तास संपता संपता लक्षात आलं. म्हणून सांगितलं की अण्णाभाऊ साठे आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, गदिमांचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. एकजण उभाच राहिला, "वाटेगाव माझ्या मामाचं गाव हाय!" अण्णाभाऊंना शाळा जेमतेम दीड दिवस मिळाली हे ऐकून त्यानं विचारलं, "मग त्यास्नी लिवायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, ते आधी ऐकायला शिकले असणार. उत्तर पुरेसं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शब्द आले. काहील, चुलवाण, वाढं, पाचट. हळदीतला जेठा गड्डा. एका मुलीनं आजीचा 'उलीसं' आणला, बोटाच्या चिमटीसकट.

सगळ्यात पुढे गेला तो 'कोयता'. ही मुलगी बीडकडची. आईवडील ऊसतोडीला आले की दिवाळीनंतर आमच्या वर्गात येते आणि हंगाम संपला की जाते. तीन महिन्यांत ती तासाला आपणहून एक शब्द बोलली नव्हती. मुलं म्हणाली, कोयता तर सगळ्यांना माहीत आहे. तिनं मान हलवली. "कोयता म्हंजी माणसं. माझे आई-बाप मिळून एक कोयता. मुकादम इचारतो, किती कोयते आणले?"

नवरा-बायको, दोन माणसं, आणि मोजणी हत्याराची. लक्षणा, व्यंजना हे सगळं मी बी.ए.ला शिकले, परीक्षेत लिहिलं. त्याचा अर्थ आज बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून लागला. तिला म्हटलं, हे लिही. तुमच्या झोपडीत, कोपीत, पहाटे काय होतं तिथपासून लिही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. मुलांनी लिहिलेल्या या शब्दांच्या गोष्टींचं हस्तलिखित केलं होतं, दुपारी त्याचं प्रकाशन झालं.

त्याआधी चार दिवस शिक्षकखोलीत पेवाच्या गोष्टीतल्या 'इझला'वर खल चालू होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, छापील नसलं तरी हे शाळेचं हस्तलिखित आहे, पाहुणे चाळणार, 'विझला' करा. त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. प्रमाण मराठी या मुलांना आलीच पाहिजे. नोकरीच्या अर्जात 'इझला' चालणार नाही आणि तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला मी नसेन. पण आज्जा 'विझला' म्हणत नाही. म्हणून ठरवलं, मुलगा स्वतः सांगतो तिथे 'कंदील विझला', आणि आज्जा बोलतो तिथे अवतरणचिन्हांत 'इझला'. मुलाला हे समजावायला लागलेच तर दोन मिनिटं लागली. अवतरणचिन्हं कशासाठी असतात हे त्या दोन मिनिटांत अख्ख्या वर्गाला कळलं.

त्यानं वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात तो सगळं पेव समजावत बसला होता: खोली, माती, पाला. मी एवढंच विचारलं होतं, "कंदील खाली जाताना तुझा आज्जा काय करत होता?" दोन दिवसांनी नवीन वाक्य आलं. 'आज्जा दोरी सोडताना श्वास धरून ठेवायचा, जसा काय तोच आत चाललाय.' वाचताना त्याचा हात आपोआप दोरी सोडत होता.

कार्यक्रम उरकल्यावर कोयतावाली थांबून राहिली होती. कारखान्याचं गाळप आटपत आलंय, टोळी आठ-दहा दिवसांत निघेल. "बाई, हस्तलिखित कुठं ठेवणार?" ग्रंथालयात, मी म्हटलं. "कुठल्या कपाटात?" खिडकीजवळच्या. "कुठल्या कप्प्यात?" तिला नेऊन कप्पा दाखवला. तिनं हस्तलिखित आत सरकवलं, पुन्हा काढलं, आपलं पान उघडून पाहिलं आणि परत ठेवलं.

उद्या मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या पानाची झेरॉक्स काढायची आहे. रंगीत. कोयत्याची मूठ तिनं लाल खडूनं रंगवलीय.