रस्त्याकडेची जाळी आणि चेसापीक बे

इकडे अमेरिकेत मेरीलँड राज्यात रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायला जी जाळी असते ना, तिच्यावर बऱ्याच ठिकाणी खेकड्याचं नाहीतर माशाचं चित्र असतं आणि बाजूला लिहिलेलं असतं की इथे काही टाकू नका, हे पाणी चेसापीक बेमध्ये, म्हणजे इथल्या समुद्राच्या मोठ्या खाडीत जातं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं की तिकडे नद्या एवढ्या स्वच्छ कशा, सरकारच सगळं करतं का, तर त्याचं निम्मं उत्तर या जाळीत आहे. आणि खरं सांगायचं तर वाटतात तेवढ्या त्या स्वच्छ नाहीतही.

आमच्या जर्मनटाउनमध्ये पाण्याचे पाइप दोन वेगवेगळे आहेत. बाथरूम, किचन, वॉशिंग मशीनचं पाणी सांडपाणी प्रकल्पात जातं, तिथे साफ होऊन मगच ओढ्यात सोडतात. त्यासाठी राज्याने २००४ मध्ये एक फी सुरू केली, लोक तिला फ्लश टॅक्स म्हणतात, आधी महिन्याला अडीच डॉलर होती, २०१२ पासून बहुतेक घरांना ५ डॉलर झाली, आणि मला विचाराल तर हा मी सगळ्यात आनंदाने भरते असा टॅक्स आहे, कारण त्या पैशातून मोठमोठे प्रकल्प खरोखर सुधारले. पण छप्पर, ड्राइव्हवे, लॉन आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी त्या जाळीतून कुठलीही प्रक्रिया न होता सेनेका क्रीक नावाच्या ओढ्याला, तिथून पोटोमॅक नदीला आणि शेवटी बेला. (वॉशिंग्टन शहराच्या जुन्या भागात दोन्ही पाणी एकाच पाइपमधून जातं, तिथली कथा वेगळी.) शिवाय आम्ही पितो त्या पाण्यातलं बरंचसं याच पोटोमॅकचं, आणि सेनेका क्रीक नदीला मिळते ती पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला. म्हणजे अंगणातून जे वाहून जाईल त्याचा काही अंश परत आपल्याच नळाला येऊ शकतो.

म्हणून घरातली काळजी घ्यायचीच, तेल-तूप सिंकमध्ये ओतायचं नाही, वाइप्स फ्लश करायचे नाहीत, उरलेली औषधं पोलिस स्टेशनमध्ये त्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाकायची, पण माझं ठाम मत आहे की इथे आमच्यासारख्या घरांचा खरा कस लागतो तो घराबाहेर.

सगळ्यात मोठा विषय लॉन. इथे हिरवंगार गवत म्हणजे प्रतिष्ठा, त्यामुळे लोक खत मारतात, आणि पाऊस आला की त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस वाहून जातं. ही बे अवाढव्य आहे, सहा राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून जवळपास १ कोटी ८० लाख लोकांच्या जमिनीवरचं पाणी तिच्यात येतं, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. एवढ्या उथळ पाण्यात खत आलं की शेवाळ माजतं, मग ते मरून तळाशी कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि उन्हाळ्यात तळाशी असे पट्टे तयार होतात जिथे मासे, खेकडे, कालवं जगूच शकत नाहीत. शेतीचा वाटा यात सगळ्यात मोठा आहे हे खरंच, पण म्हणून घरांनी हात झटकायचे का?

२०१३ च्या ऑक्टोबरपासून राज्यात लॉनच्या खताचा कायदा लागू आहे. माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय किंवा लॉन नवीन लावलेलं असल्याशिवाय फॉस्फरस टाकायचं नाही, १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत बंद, जोराचा पाऊस येणार असेल तर टाकायचं नाही, फुटपाथवर दाणे सांडले तर झाडून परत गवतात ढकलायचे. हे घरमालकांनासुद्धा लागू आहे, नुसत्या कंपन्यांना नाही. आम्ही गवत कापलं की कापलेलं तिथेच राहू देतो, ते कुजून थोडं नायट्रोजन मातीला परत मिळतं, खत तेवढं कमी लागतं. पानगळीतली पानंही रस्त्यावर लोटायची नाहीत, कारण भिजलेल्या पानांतून फॉस्फरस सुटतं आणि जाळी तर समोरच असते.

गाडी ड्राइव्हवेवर धुतली की साबण, तेल, ब्रेकची धूळ सगळं ओढ्यात, त्यापेक्षा कार वॉशला न्यावी, तिथलं पाणी सांडपाण्याच्या पाइपला जातं, आणि घरीच धुवायची तर गवतावर. वापरलेलं इंजिन ऑइल, जुना रंग, कीटकनाशकं आम्ही शेडी ग्रोव्हच्या ट्रान्सफर स्टेशनला नेऊन देतो. कुत्र्याची शी उचलायची हे तर सगळेच करतात, पण ती पिशवी बांधून बाजूला ठेवून जाणारे बघितले की माझा जीव तुटतो, त्यातले जंतू पुढच्या पावसात ओढ्यातच जाणार ना!

हिवाळ्यात मीठ. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पाण्यात एकदा विरघळलं की नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही. गोड्या पाण्यातल्या जीवांना साधारण १९ लिटरमध्ये चमचाभरही जास्त होतं. आधी फावड्याने बर्फ काढायचा, मग १२ औंसाचा कॉफीचा मग भरून मीठ २० फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. उणे ९ अंशांच्या खाली साधं मीठ फारसं कामच करत नाही, तेव्हा वाळू बरी.

आणि छपराचं पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर २,३०० लिटरच्या आसपास पाणी होतं, आणि ते साठवायचं पिंप, रेन बॅरल, असतं साधारण २०० लिटरचं. बॅरल चांगलंच, पण जागा असेल तर मी रेन गार्डनच सुचवेन. पन्हळीचा पाइप ड्राइव्हवेकडून वळवून उथळ खड्ड्यात सोडायचा, मातीत वाळू आणि कंपोस्ट मिसळायचं, वर ब्लॅक-आइड सुझन, स्वॅम्प मिल्कवीड अशी इथलीच झाडं. आमची मॉन्टगोमेरी काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, रेनस्केप्स योजनेतून यासाठी काही पैसे परत देते. डास होतील का असं आई दर फोनला विचारते, तर नाही होत, नीट बांधलेल्या रेन गार्डनमधलं पाणी एक-दोन दिवसांत जिरतं आणि डासांच्या अळ्यांना वाढायला त्याहून जास्त दिवस लागतात. फक्त खणायच्या आधी एका छोट्या खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरतं हे बघून घ्यायचं, माती फार चिकट असेल तर जागा बदलायची, आणि घराच्या पायापासून किमान १० फूट तरी लांब राहायचं.